सल्फॅमिक, सायट्रिक आणि रिठा: क्लीनरचं मिश्रण पेटंटला चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातलं एक छोटं युनिट बोअरच्या पाण्याचे टाइल्सवरचे आणि नळांवरचे पांढरे डाग काढणारं लिक्विड बनवतं. शंभर ग्रॅममध्ये सल्फॅमिक ॲसिड 6, सायट्रिक ॲसिड 4, नॉनआयॉनिक (विद्युतभार नसलेला सरफॅक्टंट, म्हणजे डाग ओला करून मळ सोडवणारा घटक; लॉरिल अल्कोहोल, 7 मोल इथिलीन ऑक्साइड) 2, रिठ्याचा अर्क 1.5, झँथन गम (लिक्विड घट्ट करणारा डिंक) 0.3 आणि बाकी पाणी. मालक लिहितात, 'हे कॉम्बिनेशन आम्हाला कुठेही सापडलं नाही. तरी पेटंट एजंट म्हणतो हे ऑब्व्हियस (कुणालाही सहज सुचण्यासारखं) आहे, अर्जाचे पैसे वाया जातील. हे नेमकं ठरवतात कसं?' शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: 'शिवाय क्रोमचे नळ आणि पितळी फिटिंग काळं पडत नाही.'

तुमचा एजंट मिश्रणाबद्दल बरोबर बोलतोय. पण तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते वाक्य त्याने वाचलंय की नाही, याची मला शंका आहे. माझा सगळा भर त्या वाक्यावर राहणार आहे.

'कुठेही सापडलं नाही' हे उत्तर नावीन्याच्या प्रश्नाला चालतं. इन्व्हेंटिव्ह स्टेपचा, म्हणजे यात सहज न सुचणारं काही आहे का हा, प्रश्न वेगळा आहे. पाच घटकांची नेमकी हीच टक्केवारी जगात कुणी छापलेली नसेल, हे मी न शोधताही मान्य करतो. सरबताच्या प्रत्येक बाटलीबद्दलही तेच म्हणता येईल. पेटंट कायदा 1970 मधलं कलम 2(1)(जेए) विचारतं ते असं: आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत यात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही आहे का, आणि त्यामुळे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचण्यासारखं राहत नाही का? यातलं 'आर्थिक महत्त्व' वाचून बरेच उद्योजक खूश होतात. लिटरमागे चार रुपये वाचले म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. वाक्याचा उत्तरार्ध मात्र सुटत नाही. स्वस्त झालं तरी ते कुणालाही सुचण्यासारखं असेल तर अर्ज तिथेच पडतो.

हा जाणकार कोण, ते आधी पक्कं करू. तो नोबेल मिळवणारा रसायनतज्ज्ञ नाही, तसाच बॅच ढवळणारा हेल्परही नाही. एखाद्या डिटर्जंट कंपनीतला साधा फॉर्म्युलेटर समजा: हाताने ठीकठाक, कल्पनाशक्ती बेताची, पण आजवर छापून आलेलं सगळं वाचलेला. त्याला ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा आम्लरूप कच्चा माल) माहीत आहे, एसएलईएसमध्ये (शाम्पू-लिक्विडमधला फेस देणारा सरफॅक्टंट) मीठ टाकलं की घट्ट होतं आणि जास्त टाकलं की पुन्हा पातळ होतं हेही माहीत आहे. त्याच्यापुढे फक्त तुमची अडचण ठेवायची, तुमचं उत्तर नाही: 'बोअरच्या पाण्याचे डाग जायला हवेत, वास-धूर नको, उभ्या टाइलवर लिक्विड टिकायला हवं.' आता तो काय करेल?

हायड्रोक्लोरिकला तो हात लावणार नाही, कारण त्याचा धूर येतो आणि क्लोराइडमुळे स्टीलला खड्डे पडतात. तो सल्फॅमिक घेईल: घनरूप, हाताळायला सोपं, चुनखडीवर पटकन काम करणारं, आणि त्याचा कॅल्शियम क्षार पाण्यात छान विरघळतो. जोडीला सायट्रिक घेईल, कारण ते स्वस्त आहे, कॅल्शियम-लोह धरून ठेवतं आणि 'लिंबाचं' म्हणून विकताही येतं. डाग ओले व्हावेत म्हणून नॉनआयॉनिक घालेल, कारण ॲसिडमध्ये ते टिकतं. ओघळू नये म्हणून झँथन घालेल, कारण तेही आम्लात बऱ्यापैकी तग धरतं. म्हणजे तुमच्या पाचपैकी चार घटक त्याने अर्ध्या दुपारात, पहिल्याच कागदावर लिहून ठेवले. प्रत्येक घटक ज्या कामासाठी प्रसिद्ध आहे त्याच कामासाठी तुम्ही तो वापरलाय.

याला आपल्याकडे आणखी एक अडसर आहे, कलम 3(ई). नुसतं मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होते, ते आविष्कारच मानलं जात नाही. भेळेत कुरमुरे कुरमुऱ्यांसारखे लागतात आणि चिंच चिंचेसारखी. अशी भेळ 3(ई) मधून पुढे जात नाही. पुढे जायचं तर घटक एकत्र आल्यावर बेरजेपेक्षा वेगळं काही घडतं हे आकड्यांनी दाखवावं लागतं.

'आमचं लिक्विड दुप्पट डाग काढतं' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बेरीज करूनच बघू. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सल्फॅमिकचे दोन रेणू त्याचा एक रेणू खातात, म्हणून 6 ग्रॅम सल्फॅमिक साधारण 3.1 ग्रॅम चुनखडी विरघळवतं. सायट्रिकचे तिन्ही प्रोटॉन वापरले गेले असं धरलं तर 4 ग्रॅम निर्जल सायट्रिकही जवळपास 3.1 ग्रॅम खातं. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण तिसरा प्रोटॉन मंद आहे. म्हणजे तुमचं शंभर ग्रॅम लिक्विड जास्तीत जास्त 6.2 ग्रॅम चुनखडी खाऊ शकतं. रिठा घाला, गोमूत्र घाला, मंत्र म्हणा, हा आकडा वर जाणार नाही. त्यामुळे क्षमतेच्या बाबतीत सिनर्जीचा (बेरजेपेक्षा जास्त परिणामाचा) दावा कुणी केला की परीक्षक कॅल्क्युलेटर काढतो. वेगाच्या बाबतीत दावा शक्य आहे. पण सल्फॅमिक तीव्र आम्ल असल्यामुळे सुरुवात झपाट्याने होते आणि सायट्रिक मागून काम चालू ठेवतं, हेही अपेक्षितच आहे. 'दुप्पट' हा आकडा तुम्हाला बहुधा कमी ॲसिड असलेल्या एखाद्या बाजारी बाटलीशी तुलना करून मिळाला असावा. त्यातून एवढंच कळतं की तुम्ही ॲसिड जास्त घातलंय.

डिटर्जंटच्या बाबतीत हा विचार किती जुना आहे ते पाहा. अमेरिकेत 1980 साली केर्कहोवेन प्रकरणात दोन नेहमीच्या स्प्रे-ड्राइड डिटर्जंट पावडरी एकत्र करण्यावर दावा होता. एकाच कामासाठी माहीत असलेल्या दोन गोष्टी त्याच कामासाठी एकत्र करणं प्रथमदर्शनी उघडच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तो निकाल आपल्या पेटंट ऑफिसवर बंधनकारक नाही, पण तसा युक्तिवाद तुमच्या एफईआरमध्ये (पेटंट ऑफिसच्या पहिल्या परीक्षण अहवालात) वेगळ्या शब्दांत येणार, हे धरून चाला. आपल्याकडचा पायाभूत निकाल 1978 चा, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. तो भांड्यांशीच संबंधित आहे, पण घासण्याशी नव्हे: भांडी लेथवर फिरवताना धरून ठेवायचं साधन. सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट टिकू दिलं नाही. कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपेक्षा काही अधिक असायला हवं, असा दंडक तिथे पक्का झाला. टक्केवारी 5 ची 6 करणं, जाडी वाढवणं, वास बदलणं ही सगळी त्या रोजच्या सुधारणेतच मोडतात.

मग काय टिकतं? माझा अनुभव असा की उपयोगी गोष्ट रेसिपीत क्वचित सापडते. ती सापडते ट्रायलच्या वहीत, आणि तीही अशा ठिकाणी जिथे पुस्तकाने एक सांगितलं होतं आणि बीकरमध्ये दुसरंच झालं. अपेक्षाभंग जिथे झाला तिथे पेटंटची शक्यता असते. फॉर्म्युलेटर मंडळी नेमकी तीच पानं टाळतात, कारण त्यांना ती 'बिघडलेली ट्रायल' वाटते.

एक उदाहरण देतो, तुमच्या प्रॉडक्टशी संबंध नसलेलं. ॲनायनिक (ऋणभारित) आणि कॅटायनिक (धनभारित) सरफॅक्टंट एकत्र करू नका, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. ॲसिड स्लरीवर बनवलेल्या लिक्विडमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड (कॅटायनिक जंतुनाशक) टाकलं की गढूळ होतं, साका बसतो, सफाईही जाते आणि जंतुनाशकताही. आता एखाद्याने ठराविक प्रमाणात, ठराविक तिसऱ्या सरफॅक्टंटच्या मदतीने हे दोन्ही पारदर्शक ठेवले आणि जंतू मारण्याची ताकदही मोजून दाखवली, तर जाणकार म्हणेल, 'मी हे केलंच नसतं.' प्रचलित ज्ञान ज्या वाटेला जाऊ नका म्हणतं त्या वाटेने जाऊन पोचलं की इन्व्हेंटिव्ह स्टेपचं निम्मं काम होतं. (या विषयावरही आता बरंच छापून आलंय, तेव्हा उद्या हाच अर्ज करायला निघू नका.)

दुसरा प्रकार जास्त बारीक आहे, आणि छोट्या युनिटला तो जास्त साधतो: उत्तर साधं, पण अडचण नेमकी काय आहे हेच आधी कुणाला कळलेलं नव्हतं. युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाचा 1984 चा टी 2/83 हा निर्णय यासाठी वाचावा. पोटातल्या गॅसवरच्या गोळीत सिमेथिकोन (गॅसचे बुडबुडे फोडणारं औषध) आणि अँटासिड एकत्र असत, आणि अँटासिड सिमेथिकोनला निकामी करत असे. उपाय काय, तर दोन्ही वेगळ्या थरांत ठेवायचे. उपाय ऐकल्यावर कुणीही म्हणेल 'हे तर मीही केलं असतं'. मंडळाने विचारलं ते निराळं: जाणकाराने हे केलं असतं का? करू शकला असता का, हा मुद्दाच नव्हता. आणि न ओळखलेली अडचण ओळखणं हेही आविष्काराचं कारण ठरू शकतं, हे तिथे मान्य झालं.

आता तुमच्या नळांकडे येऊ. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. त्याखाली निकेल, त्याखाली बहुधा पितळ. आम्ल क्लीनरने नळ निस्तेज होतात ही खरी, रोजची तक्रार आहे. तुमच्या लिक्विडने तसं होत नसेल तर तीन शक्यता आहेत. पहिली, सल्फॅमिक-सायट्रिकमध्ये क्लोराइड नसल्यामुळे ते मुळातच सौम्य आहे. मग यात तुमचं काही नाही. दुसरी, रिठ्यातली सॅपोनिन (फेस देणारी नैसर्गिक द्रव्यं) धातूवर चिकटून संरक्षण देतात. हे ऐकायला छान आहे, पण वनस्पतींचे अर्क आम्लात गंजरोधक म्हणून काम करतात यावर शोधनिबंधांचा डोंगर आहे. हळदीपासून कडुलिंबापर्यंत शेकडो झाडं तपासून झाली आहेत. 'आणखी एक झाड' एवढ्यावर परीक्षक हलणार नाही. तिसरी शक्यता मला खरंच बघावीशी वाटते: रिठा एकटा थोडं संरक्षण देतो, नॉनआयॉनिक एकटं जवळपास काहीच देत नाही, पण दोन्ही एका ठराविक प्रमाणात असले की संरक्षण उडी मारतं. उलटं घडावं अशी पुस्तकी अपेक्षा आहे, कारण नॉनआयॉनिक स्वतःच पृष्ठभागावर जाऊन बसतं किंवा सॅपोनिनला आपल्या मिसेलमध्ये (सरफॅक्टंटच्या रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यात) ओढून घेतं. त्याने संरक्षण कमी व्हायला हवं. ते वाढत असेल तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही; ग्रॅमच्या चौथ्या दशांशापर्यंत मोजणारा काटा, पितळेच्या आणि क्रोम केलेल्या एकसारख्या पट्ट्या आणि चिकाटी पुरते. चार लिक्विडं करा: पूर्ण, रिठ्याशिवाय, नॉनआयॉनिकशिवाय, दोन्हींशिवाय. ॲसिडचं प्रमाण आणि पीएच चारही ठिकाणी सारखे हवेत. इथेच सगळे चुकतात. अर्क घातल्याने पीएच थोडा चढला आणि त्यामुळे गंज कमी झाला, तर तो रिठ्याचा गुण नव्हे. प्रत्येक लिक्विडमध्ये किमान तीन पट्ट्या, सारखं तापमान, सारखा वेळ, आधी-नंतरचं वजन. त्याच चार लिक्विडांत संगमरवराचे सारखे तुकडे ठेवून त्यांचंही वजन घ्या, कारण धातू वाचला पण डागही जाईनासा झाला तर ते क्लीनर राहिलंच नाही. मग रिठा आणि नॉनआयॉनिकचं प्रमाण बदलत जा: 1:4, 1:2, 3:4, 1:1, 2:1. परिणाम कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, या दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत. सीमेच्या बाहेरचे वाईट आकडे लपवू नका. आतले आकडे अनपेक्षित आहेत हे सिद्ध करायला बाहेरचेच आकडे लागतात.

तुलना कुणाशी करायची, यावर निम्मे अर्ज बुडतात. बाजारातल्या अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये सुमारे 10 टक्के हायड्रोक्लोरिक असतं. त्याच्यासमोर तुमचं लिक्विड सौम्य दिसणारच, आणि परीक्षक त्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तुलना तुमच्या सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याशी हवी: छापून आलेलं किंवा विकलं जाणारं सल्फॅमिक-सायट्रिक-नॉनआयॉनिक क्लीनर, शक्य असेल तर एखाद्या माहीत असलेल्या गंजरोधकासह. तो शेजारी शोधायला एस्पेसनेट, गुगल पेटंट्स आणि भारतीय अर्जांसाठी इनपास (तिन्ही पेटंट शोधायच्या वेबसाइट) वापरा, पण 'bathroom cleaner' असं टाइप करून थांबू नका. वर्गीकरणाने शोधा. डिटर्जंट मिश्रणं सी11डी मध्ये येतात: सी11डी 1 मध्ये सरफॅक्टंट, 3 मध्ये बाकीचे घटक, 7 मध्ये सरफॅक्टंटवर न आधारलेली मिश्रणं. धातूची रासायनिक सफाई सी23जी मध्ये आहे, आणि तुमचा मुद्दा धातू वाचवण्याचा असेल तर तिकडे बघणं टाळताच येणार नाही. मुदत संपलेली पेटंटही मोजली जातात. 1913 मध्ये ऑटो र्‍योमने स्वादुपिंडातली एन्झाइमं कपडे भिजवायला वापरण्याचं पेटंट घेतलं होतं. शंभर वर्षं उलटली तरी ते 'आधीचं ज्ञान' म्हणून जिवंत आहे. जुन्या पेटंटमध्ये 'ॲसिड 0.1 ते 20 टक्के' अशी ऐसपैस रेंज दिसली की लोक निराश होतात. तसं लगेच होऊ नका. त्या रेंजमधल्या छोट्या पट्ट्यात काही वेगळंच घडतं हे दाखवता आलं तर अजून जागा असते. दाखवता नाही आलं तर नसते.

रिठ्यामुळे दोन कायदेशीर बाबी वाढतात. एक, कलम 3(पी): परंपरागत ज्ञान किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या ज्ञात गुणांची बेरीज आविष्कार होत नाही. आपल्या आज्या रिठ्याने केस, रेशीम आणि दागिने धूत आल्या आहेत, म्हणून 'रिठ्याने स्वच्छता' हा शब्दप्रयोग दाव्यात आला की हे कलम पुढे येईल. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झालं ते सीएसआयआरने (भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने), महासंचालक रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत, जुने ग्रंथ पुढे ठेवूनच. त्यामुळे रिठा सफाईसाठी आहे असं म्हणू नका. दावा आम्लात धातू वाचवण्याचा आणि ठराविक नॉनआयॉनिकसोबतच्या प्रमाणाचा ठेवा. दुसरी बाब, भारतातला जैविक स्रोत वापरल्यामुळे जैवविविधता कायदा 2002 चं कलम 6 लागू होतं. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची पूर्तता पेटंट हातात पडण्याआधी करावी लागते. हे एजंटला आजच विचारा.

'आमचा माल खपतो' हा युक्तिवाद मी फारसा वापरत नाही. सफाईच्या धंद्यात खप किमतीवर, वितरकाच्या मार्जिनवर आणि बाटलीच्या रंगावर होतो. 1966 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे कुक केमिकलचा कीटकनाशकाच्या बाटलीचा स्प्रेअर आला होता. गळती थांबली, बाजाराला याची कधीची गरज होती, असं पटवून देण्याचा प्रयत्न झाला. बदल आधीच्या स्प्रेअरपेक्षा इतका थोडा होता की पेटंट वाचलं नाही.

आता माझा अंदाज, तुम्ही विचारलाय म्हणून. आज जसा आहे तसा, पाच घटकांच्या मिश्रणाचा दावा: पडणार. 'रिठायुक्त नैसर्गिक क्लीनर': जास्त लवकर पडणार. चार लिक्विडांच्या चाचणीत संरक्षणाची उडी दिसली, पीएच सारखा ठेवूनही दिसली आणि दोन्ही कडा सापडल्या, तर अरुंद दावा करण्याजोगा आहे. अरुंद म्हणजे अर्काचं सॅपोनिन प्रमाण मोजून, नॉनआयॉनिकचा प्रकार सांगून, गुणोत्तराची पट्टी आखून. 'वनस्पती अर्क 0.1 ते 20 टक्के' असं लिहायचा मोह होईल. एका बिंदूवरच्या आकड्याने एवढी मोठी जमीन मिळत नाही. उडी दिसलीच नाही, तर अर्जाचे पैसे ब्रँडच्या ट्रेडमार्कवर आणि अर्क काढण्याची पद्धत स्वतःपाशी ठेवण्यावर खर्च करा. ॲसिड कोणतं आणि किती हे स्पर्धक टायट्रेशन (आम्ल मोजायची साधी चाचणी) करून आठवड्यात काढेल, पण अर्क कसा काढला हे बाटलीवरून कळणं कठीण असतं.

चाचण्या मात्र अर्जाच्या आधी करा. एफईआर आल्यावर नवे आकडे जोडता येतात, पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या आविष्काराच्या वर्णनात) ज्या परिणामाचा उल्लेखच नाही तो नंतरच्या आकड्यांनी उभा करणं फार अवघड जातं. घाई असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका. नैसर्गिक व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी 1,600 रुपये आहे (इतरांना 8,000), आणि पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी 12 महिने मिळतात. पट्ट्यांच्या चाचण्यांना तेवढा वेळ भरपूर झाला.

आणि तोवर वितरकांना सॅम्पल देणं थांबवा. विक्री किंवा उघड वापर झाल्यावर अर्ज करायला आपल्या कायद्यात सरसकट सवलतीचा काळ नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे मोजकेच अपवाद आहेत. तुमच्या पत्रात 'दिवाळीत दोन होलसेलरना दिलं होतं' असं आहे. ते घटकांच्या माहितीसह दिलं होतं का, गुप्ततेच्या काही अटीवर दिलं होतं का, पावती फाडली होती का, हे कागदावर लिहून एजंटकडे न्या. इन्व्हेंटिव्ह स्टेपची चर्चा त्यानंतर.